मेमरीसाठी पुल रिक्वेस्ट कशी तपासायची: नव्या रिव्ह्यूअरसाठी पायरी-पायरीनं

ओपन सोर्स प्रकल्पांत कोड पाठवणारे पुष्कळ असतात, तपासणारे मोजकेच. त्यामुळे तुमचे चार-दोन पॅच मर्ज झाले की कधीतरी मेंटेनर तुम्हाला टॅग करून विचारतोच, "ही पुल रिक्वेस्ट बघता का? मेमरी निम्मी होते असं म्हणतायत." मग आपण डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) उघडतो, नावं ठीक आहेत का, टेस्ट हिरव्या आहेत का ते पाहतो आणि "छान वाटतंय" लिहून मोकळे होतो. अडचण अशी की मेमरी डिफमध्ये दिसत नाही. एका ओळीचा निरुपद्रवी बदल एक जीबी खाऊ शकतो, आणि चारशे ओळींची करामत एक केबीसुद्धा वाचवत नाही.

या रिव्ह्यूत निम्मं काम हिशेबाचं असतं. एका वस्तूला किती बाइट लागतात, अशा वस्तू किती आहेत आणि त्या किती वेळ जिवंत राहतात, एवढं कागदावर मांडता आलं की डिफमधल्या नेमक्या कोणत्या ओळीपाशी थांबायचं ते कळतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं लावल्या आहेत. उदाहरणं बहुतेक ६४-बिट लिनक्सवरच्या सी आणि सी++ ची आहेत, कारण तिथे बाइट उघड्यावर असतात. पायथन, जावा, गो यांच्या खोड्या मध्येमध्ये येतील. एमबी म्हणजे इथे सगळीकडे १०,४८,५७६ बाइट.

हाताशी काय हवं

- पॅच लावलेली आणि पॅचच्या आधीची, अशा दोन्ही बिल्ड. गिटचं वर्कट्री वापरलंत तर दोन फोल्डर शेजारी-शेजारी ठेवता येतात, सारखी ब्रँच बदलावी लागत नाही.
- ऑप्टिमायझेशन चालू, पण डीबग माहिती ठेवलेली बिल्ड. नुसती डीबग बिल्ड मोजू नका. काही लायब्ऱ्या त्या बिल्डमध्ये कंटेनरला जास्तीची माहिती चिकटवतात.
- मोजायची साधनं: ग्नू टाइम, हीपट्रॅक, वॅलग्रिंडमधलं मॅसिफ, स्ट्रक्टची मांडणी दाखवणारं पाहोल. पायथनसाठी ट्रेसमॅलॉक (३.४ पासून सोबतच येतं), गोसाठी पीप्रॉफ, जावासाठी हीप डंप उघडणारं कुठलंही टूल.
- खऱ्या आकाराचा डेटा. टेस्ट फोल्डरमधली वीस ओळींची फाइल इथे उपयोगाची नाही.
- पुल रिक्वेस्टचं वर्णन, जोडलेला इश्यू, आणि त्याच जागेवर आधी झालेले बदल. एखादं फील्ड विचित्र क्रमानं लिहिलेलं असेल तर त्यामागे कुणाचं तरी कारण असतं. गिट ब्लेम करून आधी ते वाचा.

१. दावा काय आहे तो एका वाक्यात लिहून काढा

"मेमरी कमी केली" हा दावा नव्हे. कोणती मेमरी, कोणत्या कामात, कितीवरून कितीवर? वर्णनात हे नसेल तर डिफ वाचायच्या आधीच विचारा. "कोणत्या डेटावर आणि कोणत्या टूलनं मोजलं ते सांगाल का? मलाही तसंच मोजून बघायचंय" एवढं पुरतं. यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही, आणि ज्यांनी मोजलेलं असतं ते लगेच उत्तर देतात.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ज्या पॅचच्या वर्णनात मेमरीचा उल्लेखच नाही, तिथेच ती जास्त वाढते. "शोध जलद केला", "लॉगिंग सुधारलं", "कॅश आणली" अशी शीर्षकं दिसली की हा लेख उघडा.

२. मोजण्याआधी गुणाकार करा

डिफमध्ये बदललेला प्रत्येक स्ट्रक्ट, क्लास किंवा नोड घ्या आणि विचारा: हा चालू प्रोग्राममध्ये किती वेळा असतो? सेटिंग्जचा ऑब्जेक्ट एकच असेल तर त्यातले ४० बाइट वाचवून कुणाचंच भलं होत नाही; वाचायला अवघड झालेला कोड तेवढा शिल्लक राहतो. तेच ४० बाइट दर ओळीमागे, दर पिक्सेलमागे, दर कनेक्शनमागे असतील तर गोष्ट वेगळी.

याचं टोकाचं उदाहरण लिनक्स कर्नलमध्ये आहे. मेमरीच्या प्रत्येक पानामागे कर्नल एक 'स्ट्रक्ट पेज' ठेवतो. ६४-बिट मशिनवर तो साधारण ६४ बाइटचा असतो, आणि पान बहुतेक ठिकाणी ४ केबीचं. १६ जीबीच्या मशिनवर अशी ४१,९४,३०४ पानं होतात, म्हणजे नुसत्या या नोंदीच २५६ एमबी. त्यात कुणी एक पॉइंटर, फक्त ८ बाइट, वाढवायचा म्हटला तर आणखी ३२ एमबी गेले, आणि तेही त्या पॅचची ज्याला गरजच नाही अशा प्रत्येकाच्या मशिनवर. म्हणून तिथे नवं फील्ड टाकण्याऐवजी जुन्याच जागा युनियन करून पुन्हा वापरतात. तुमचा प्रकल्प कर्नल नसेल, पण "हे किती वेळा?" हा प्रश्न तोच.

संख्या ठाऊक नसेल तर अंदाज लावत बसू नका. पॅच पाठवणाऱ्याला किंवा मेंटेनरला विचारा, "सर्वांत मोठे वापरकर्ते हे किती लाखांपर्यंत नेतात?"

३. कोणता आकडा मोजायचा ते ठरवा

नवखे लोक सर्वांत जास्त इथे घसरतात. एकाच प्रोग्रामच्या मेमरीचे चार आकडे निघतात आणि चारही बरोबर असतात.

व्हर्च्युअल आकार म्हणजे मागून ठेवलेली पत्त्यांची जागा. तो प्रचंड दिसला तरी बहुतेक वेळा दुर्लक्ष करा. आरएसएस (रेसिडेंट सेट साइझ) म्हणजे या क्षणी खरोखर रॅममध्ये असलेली पानं. पण त्यात सामायिक लायब्ऱ्याही पूर्ण मोजल्या जातात, म्हणून दहा प्रोसेसच्या आरएसएसची बेरीज करून "एवढी रॅम लागते" म्हणणं चूक. अनेक प्रोसेस असतील तर पीएसएस बघा, त्यात सामायिक पानांची वाटणी केलेली असते. हीप (प्रोग्राम चालताना मागून घेतो ती मेमरी) मोजणारा प्रोफायलर दाखवतो तो तिसराच आकडा: प्रोग्रामनं मागितलेले बाइट. आणि चौथा, बरेचदा सर्वांत महत्त्वाचा, म्हणजे शिखर: पूर्ण कामात आरएसएस कमाल किती वर गेला. डॉकरसारख्या कंटेनरला मर्यादा लावलेली असते तेव्हा सरासरी कुणी विचारत नाही. शिखर मर्यादेवर गेलं की प्रोसेस मारली जाते आणि हाती येतो एक्झिट कोड १३७, म्हणजे १२८ अधिक सिग्नल ९.

हे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत ते एकदा नीट पाहून घ्या, पुढे डोकेदुखी वाचेल. समजा सी++ च्या व्हेक्टरमध्ये २४ बाइटच्या एक कोटी नोंदी एकेक करून ढकलल्या. जीसीसीच्या स्टँडर्ड लायब्ररीत जागा संपली की व्हेक्टर दुप्पट होतो, म्हणून शेवटी त्याची क्षमता १,६७,७७,२१६ नोंदींची होते, म्हणजे ३८४ एमबी. हीप प्रोफायलर ३८४ म्हणेल. आरएसएस मात्र २२९ च्या आसपास राहील, कारण ज्या पानांना हातच लागलेला नाही ती कर्नल रॅममध्ये आणत नाही. आणि शेवटच्या दुपटीच्या वेळी जुना १९२ एमबीचा आणि नवा ३८४ एमबीचा असे दोन्ही तुकडे एकाच वेळी जिवंत असतात, त्यामुळे प्रोफायलरमधलं शिखर ५७६ वर जातं. एकच व्हेक्टर, आणि २२९, ३८४, ५७६ हे तिन्ही आकडे खरे. पॅच पाठवणारा एक सांगतोय आणि तुम्ही दुसरा मोजताय, असं झालं की दोघंही बरोबर असूनही वाद पेटतो.

४. दोन बिल्ड, तेच काम, तेच मशिन

तुलना पॅचच्या थेट आधीच्या कमिटशी करा, आजच्या मुख्य ब्रँचशी नको. मधल्या काळात दुसऱ्या कुणी वाढवलेली किंवा वाचवलेली मेमरी या पॅचच्या हिशेबात मिसळेल.

पहिला आकडा ग्नू टाइमनं काढा. व्ही पर्याय दिला की शेवटी 'मॅक्झिमम रेसिडेंट सेट साइझ' केबीमध्ये मिळतो. शेलमध्ये नुसतं टाइम लिहिलंत तर बॅशसारख्या शेलचं स्वतःचं टाइम चालतं आणि त्याला हा पर्याय कळत नाही. प्रोग्रामचा पूर्ण पाथ द्या. तेच काम अनेकदा चालवा आणि मधला आकडा घ्या. आकडे किती पसरलेत तेही नोंदवा. पसारा ५ एमबीचा आणि वाचलेली मेमरी ३ एमबीची असेल, तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

मग उतार काढा. ही युक्ती मला सगळ्या टूलपेक्षा जास्त आवडते आणि तिला काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. दहा लाख नोंदींवर मोजा, वीस लाखांवर मोजा, फरकाला दहा लाखांनी भागा. प्रोग्राम सुरू होतानाचा ठरीव खर्च वजाबाकीत उडून जातो आणि उरतात दर नोंदीमागचे बाइट. तिसरा आकडा चाळीस लाखांवर घेऊन उतार तोच राहतो का ते पडताळा. दुप्पट होणाऱ्या कंटेनरमुळे मध्ये पायऱ्या दिसतात. हा उतार दुसऱ्या पायरीतल्या गुणाकाराशी जुळला तर तुम्हाला कोड समजलाय. कागदावर ५६ आणि मोजून १६८ आले तर काहीतरी नजरेतून सुटलंय, आणि मर्जच्या आधी ते शोधायचंय.

मेमरी नेमकी कुठून मागितली जाते त्यासाठी हीपट्रॅक किंवा मॅसिफ. मॅसिफ प्रोग्राम साधारण २० पट हळू चालवतं, तेव्हा डेटा बेतानं घ्या. ते मुळात फक्त मॅलॉक आणि न्यू यांच्या मार्गानं आलेली मेमरी मोजतं. थेट कर्नलकडून एमॅपनं घेतलेली हवी असेल तर पानांना हीप धरण्याचा वेगळा पर्याय द्यावा लागतो. शिवाय ते ॲलोकेटरच (मेमरी वाटून देणारा भागच) बदलून टाकतं, म्हणून "जेमॅलॉक हा वेगळा ॲलोकेटर लावल्यानं मेमरीचे तुकडे-तुकडे होणं कमी झालं" असा दावा मॅसिफवर तपासताच येत नाही.

आणि ॲड्रेस सॅनिटायझर लावलेल्या बिल्डवर मेमरीचा आकार कधीच मोजू नका. तो प्रत्येक ॲलोकेशनच्या आजूबाजूला राखीव पट्टे ठेवतो आणि फ्री केलेली मेमरी मुद्दाम अडवून धरतो. चुका शोधायला उत्तम, वजन करायला निरुपयोगी.

५. आता डिफ वाचा

एक उदाहरण सोबत घेऊ. मोठ्या लॉग फाइल चाळणारं एक काल्पनिक टूल आहे. ते प्रत्येक ओळीसाठी एक नोंद ठेवतं: १ बाइटचा प्रकार, ८ बाइटचा ऑफसेट, १ बाइटचा स्तर, ४ बाइटची लांबी, याच क्रमानं. बेरीज १४. पण पाहोल चालवलं तर दिसतात २४. ८ बाइटच्या फील्डला ८ च्या पटीतला पत्ता लागतो म्हणून पहिल्या बाइटनंतर ७ बाइट रिकामे, आणि स्तरानंतर लांबीसाठी आणखी ३. तीच फील्डं मोठ्याकडून लहानाकडे लावली, ऑफसेट, लांबी, प्रकार, स्तर, तर नोंद १६ बाइटवर येते. एक कोटी ओळींवर ७६ एमबी वाचले, तेही नुसत्या ओळी वर-खाली करून. हा पॅच आला तर आनंदानं घ्या, फक्त तो स्ट्रक्ट जसाच्या तसा फाइलमध्ये किंवा नेटवर्कवर लिहिला जात नाही ना एवढं बघा. लिहिला जात असेल तर क्रम बदलणं म्हणजे फाइलचा फॉरमॅट बदलणं.

आता समजा दुसरा पॅच येतो: "शोध जलद व्हावा म्हणून प्रत्येक ओळीचं लहान अक्षरांतलं रूप नोंदीतच ठेवलं." डिफमध्ये एकच नवं फील्ड, स्टँडर्ड स्ट्रिंग. जीसीसीच्या लायब्ररीत ही स्ट्रिंग स्वतः ३२ बाइटची, म्हणजे नोंद २४ वरून ५६. मजकूर १५ बाइटपर्यंत असेल तर आतच मावतो, पण लॉगची ओळ १०० बाइटची असते. मग शेवटच्या शून्यासकट १०१ बाइट हीपवरून मागितले जातात, आणि जीलिबसीचा (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचा) मॅलॉक स्वतःचे ८ बाइट धरून १६ च्या पटीत, म्हणजे ११२ देतो. दर ओळीमागे ३२ अधिक ११२, १४४ बाइट जास्त. एक कोटी ओळींवर जवळजवळ १.३४ जीबी. ज्या टूलची सगळी अनुक्रमणिका २२९ एमबीत बसत होती, त्याच्यासाठी! (मजकूर एकेक अक्षर ढकलत बनवला असेल तर आणखी वाईट: क्षमता १५, ३०, ६०, १२० अशी वाढते आणि ११२ ऐवजी १४४ बाइटचा तुकडा अडकतो.)

इथे लगेच 'नको' म्हणायचं नसतं. तीन गोष्टी विचारा. हे रूप सगळ्या ओळींचं लागतं का, की पडद्यावर दिसणाऱ्या काही हजारांचंच? शोधताना तुलना करतानाच अक्षरं लहान केली तर किती हळू होतं, ते मोजलंय का? आणि ठेवायचंच असेल तर कोटीभर छोट्या स्ट्रिंगऐवजी एकच मोठा बफर आणि त्यातले ऑफसेट चालतील का? शेवटच्या पर्यायात मजकुराचे बाइट तेवढेच राहतात, पण दर ओळीचा वरखर्च आणि कोटीभर ॲलोकेशन जातात.

वाचताना पुढच्या गोष्टींपाशी थांबा.

नोडचे कंटेनर. सी++ चा मॅप प्रत्येक नोंदीसाठी वेगळा नोड मागतो. जीसीसीत त्या नोडचा डोलारा ३२ बाइटचा. चार-चार बाइटची जोडी ठेवली तरी नोड ४० आणि मॅलॉकसकट ४८. म्हणजे ८ बाइट माहितीला ४८ बाइट. डेटा एकदाच भरून फक्त वाचायचा असेल तर क्रमानं लावलेला व्हेक्टर आणि बायनरी शोध सुचवा.

डब्यातले आकडे. जावातल्या नेहमीच्या ६४-बिट मांडणीत एक इंटिजर ऑब्जेक्ट १६ बाइटचा आणि त्याच्याकडे बोट दाखवणारा संदर्भ ४ चा. साध्या इंट ॲरेत तेच काम ४ बाइटांत होतं. पायथनमध्ये छोटा पूर्णांकसुद्धा २८ बाइटचा असतो. लाखो ऑब्जेक्टच्या क्लासवर स्लॉट्स (फील्डांची ठरीव यादी) लावलेत का ते बघा. लावलेले नसतील तर सहसा तेवढी एक ओळ सुचवणं पुरतं.

पायथनचा साइझऑफ. पॅचच्या वर्णनात "गेटसाइझऑफनं मोजलं" असेल तर सावध व्हा. ते यादीचाच आकार सांगतं, यादीत काय आहे त्याचा नाही. आणखी एक बारकावा आपल्या लिपीमुळे चटकन दिसतो. ३.३ पासून पायथन प्रत्येक स्ट्रिंगमधलं सर्वांत 'रुंद' अक्षर बघून सगळ्याच अक्षरांना तेवढी जागा देतो: १, २ किंवा ४ बाइट. इंग्रजी मजकुरात एक देवनागरी अक्षर आलं की सगळी स्ट्रिंग दर अक्षरी २ बाइटवर जाते, आणि एक इमोजी आला की ४ वर. डेटा फक्त इंग्रजी घेऊन मोजलेला आकडा म्हणूनच अर्धवट.

मोठ्याला धरून बसलेला छोटा. गोमध्ये १०० एमबीच्या बफरमधून १० बाइटचा स्लाइस काढून जपला तर अख्खा बफर जिवंत राहतो. प्रोफायलर बोट दाखवतो बफर वाचणाऱ्या फंक्शनकडे, दोष असतो स्लाइस जपणाऱ्याकडे. प्रत करून ठेवा असं सुचवा. जावाच्या सबस्ट्रिंगमध्येही पूर्वी हेच व्हायचं, जावा ७ च्या एका अपडेटमध्ये ते बदललं. जावास्क्रिप्टच्या व्ही८ मध्ये लांब स्ट्रिंगच्या तुकड्यांचं अजूनही तसंच.

६. "वाचवलेल्या" मेमरीतले सापळे

मेमरी कमी करणारे पॅच जास्त बारकाईनं तपासा, कारण आकडा खाली आलेला दिसला की सगळे खूश होतात.

ऑफसेट ८ बाइटवरून ४ वर आणला: दर नोंदीला ४ बाइट वाचले आणि ४ जीबीपेक्षा मोठी फाइल उघडल्यावर ऑफसेट गुपचूप गुंडाळला गेला. टेस्टमध्ये एवढी मोठी फाइल कुणी ठेवत नाही, त्यामुळे सगळं हिरवंच दिसतं. आकार लहान केलेल्या प्रत्येक फील्डसाठी "कमाल किंमत किती आणि ती ओलांडली तर काय होतं?" हे विचाराच.

स्ट्रक्टला पॅक्ड केलं: रिकाम्या जागा गेल्या, पण फील्डचे पत्ते आता अलाइन नाहीत. त्या फील्डचा पॉइंटर घेऊन दुसऱ्या फंक्शनला दिला तर काही प्रोसेसरवर प्रोग्राम कोसळतो. फील्डचा क्रम बदलून काम भागत असेल तर पॅक्ड नको.

बूलियनांची बिटफील्ड केली: एका थ्रेडवर उत्तम. शेजारशेजारच्या बिटफील्ड भाषेच्या नियमानं एकच मेमरी जागा ठरतात, त्यामुळे दोन थ्रेड दोन वेगळे बिट लिहायला गेले तरी डेटा रेस होते, म्हणजे एकाचं लिखाण दुसऱ्यामुळे पुसलं जाऊ शकतं.

आळशी ॲलोकेशन: सुरुवातीला मोजलं की मेमरी कमी, पण शिखर जिथल्या तिथे, फक्त दहा मिनिटांनी. शेवटपर्यंत चालवून मोजा.

फाइल वाचण्याऐवजी एमॅप (फाइल थेट मेमरीच्या पत्त्यांना जोडणं): हीप एकदम खाली येतो, आरएसएस फारसा नाही. ही पानं कर्नल गरज पडल्यास सोडू शकतो, म्हणून फायदा खरा आहे. पण चालू असताना कुणी फाइल छाटली तर सिगबस हा सिग्नल येऊन प्रोग्राम कोसळतो. लॉग फाइलच्या बाबतीत हे रोजचंच.

एकसारख्या स्ट्रिंग एकदाच ठेवणारं सामायिक कोष्टक: त्यातून स्ट्रिंग कधी काढल्या जातात? 'कधीच नाही' असं उत्तर असेल आणि प्रोग्राम महिनोन्‌महिने चालणारा सर्व्हर असेल, तर ती लीकच आहे. लीक सॅनिटायझर तिला पकडणार नाही, कारण त्या मेमरीकडे पॉइंटर आहे. तो फक्त हरवलेली मेमरी शोधतो, विसरलेली नाही. मर्यादा नसलेल्या कॅशचं आणि कधीच न काढलेल्या लिसनरचं तसंच. अशा पॅचला एकच काम हजारो वेळा फिरवून चालवा आणि आरएसएस सपाट होतो का ते बघा.

सपाट झाला नाही म्हणून लगेच लीक ठरवू नका, हेही सांगायला हवं. फ्री केलेली मेमरी जीलिबसी लगेच ऑपरेटिंग सिस्टिमला परत देईलच असं नाही. शिवाय अनेक थ्रेड असतील तर ६४-बिटवर प्रोसेसरच्या कोअरच्या ८ पटींपर्यंत अरीना (मॅलॉकचे वेगवेगळे साठे) तयार होऊ शकतात. मॅलॉक अरीना मॅक्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ वर ठेवून पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर पॅच बहुधा निर्दोष. गोमध्ये जीओजीसीची (कचरा कधी गोळा करायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगची) मूळ किंमत १०० असते, म्हणजे जिवंत डेटाच्या साधारण दुपटीपर्यंत हीप वाढू दिला जातो; तिथे आरएसएसऐवजी पीप्रॉफमधला 'वापरात असलेला' आकडा बघा. 'एकूण मागितलेला' आकडा वेगळाच असतो, तो कचरा गोळा करण्याचा ताण सांगतो.

७. बदल्यात काय गेलं?

वेळ मोजा. लहान स्ट्रक्ट प्रोसेसरच्या कॅशेत जास्त मावतात, त्यामुळे मेमरी कमी होऊन वेगही वाढला असं पुष्कळदा होतं. पायथन ३.६ मधली डिक्शनरीची नवी मांडणी याचं छान उदाहरण: नोंदी एका सलग ॲरेत आणि त्यांचे क्रमांक वेगळ्या छोट्या कोष्टकात, एवढ्या बदलानं मेमरी ३.५ च्या तुलनेत २० ते २५ टक्के उतरली, आणि भरलेला क्रमही टिकला. पण दाबून ठेवलेला डेटा दर वेळी उलगडायचा असेल तर वेळ जातोच, आणि उलगडताना दोन्ही रूपं एकदम जिवंत असतात.

कोडची गुंतागुंत मोजायला टूल नाही. माझा नियम ढोबळ आहे: सहा महिन्यांनी नवखा माणूस हे फील्ड वाढवायला आला तर त्याला टिप्पणी न वाचता चूक करता येईल का? येत असेल तर वाचलेले एमबी भरपूर हवेत.

८. टिप्पणी लिहिताना

आधी आकडे, मग मत. अशी काहीशी:

"एक कोटी ओळींच्या फाइलवर मोजलं. आधी शिखर २४१ एमबी, या पॅचनंतर १,६१५. उतारावरून दर ओळीमागे १४४ बाइट वाढलेत. ३२ स्ट्रिंगचे आणि ११२ हीपवरचे, असा माझा हिशेब. शोधाचा वेग चांगलाच वाढलाय, तो ठेवायला मलाही आवडेल. हे रूप फक्त दिसणाऱ्या ओळींसाठी ठेवून बघाल का? मोजण्याची स्क्रिप्ट जोडतोय."

यातले शिखराचे आकडे नमुन्याचे आहेत. तुम्ही स्वतः मोजलेले टाका. कोणतं टूल, कोणती आवृत्ती, कोणता ॲलोकेटर हे एका ओळीत असू द्या, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसंच करून बघता येईल. अडवणारी हरकत आणि नुसती सूचना यांत फरक स्पष्ट लिहा. नाहीतर "हे जमलं तर बघा" आणि "याशिवाय मर्ज नको" ही दोन वाक्यं समोरच्याला एकसारखी ऐकू येतात. आणि समोरचा माणूस बहुधा रात्री जागून, फुकट हे काम करतोय. "तुम्ही मेमरी वाया घालवताय" लिहिण्याऐवजी "इथे दर ओळीला १४४ बाइट जातायत" लिहा.

९. मर्जच्या आधी पहारा बसवा

कष्टानं १६ बाइटवर आणलेली नोंद पुढे कुणीतरी अगदी वर टाकलेल्या एका निष्पाप बूलियनमुळे पुन्हा २४ वर जाते. ते टाळायला स्ट्रक्टच्या खालीच त्याच्या आकाराची स्टॅटिक असर्ट (कंपाइल होतानाच तपासली जाणारी अट) टाकायला सांगा, आणि वर एक ओळीची टिप्पणी: हा कोट्यवधींनी तयार होतो. आकार वाढला की बिल्डच अडेल आणि वाढवणाऱ्याला कारण सांगावं लागेल. हे कुणी हट्टानं बंद करू नये म्हणून असर्टच्या संदेशात मूळ पुल रिक्वेस्टचा क्रमांक द्या.

मोठे प्रकल्प याच्याही पुढे जातात. फायरफॉक्सनं २०११ मध्ये मेमश्रिंक नावानं मेमरी कमी करण्याची मोहीम काढली, आणि मेमरीचा आलेख सतत नोंदवत ठेवणारी चाचणीही उभी केली. तुमच्या प्रकल्पात एवढं नसलं तरी सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) एक ठरावीक काम चालवून शिखर नोंदवणं कठीण नाही. मर्यादा मात्र ऐसपैस ठेवा. दोन टक्क्यांच्या चढउतारावर लाल होणारी चाचणी महिन्याभरात कुणीतरी बंद करतं.

स्टॅटिक असर्ट फक्त ६४-बिट बिल्डपुरती ठेवायला विसरू नका. ३२-बिटवर पॉइंटर ४ बाइटचा असतो, काही ठिकाणी ८ बाइटच्या पूर्णांकालाही ४ च्याच पटीतला पत्ता चालतो, आणि मग ज्याचा या पॅचशी काही संबंध नाही अशा कुणाची तरी बिल्ड मोडते.